तापलेल्या बोल्टावरची पांढरी खूण

गॅरेजच्या पाटीवर त्याच्या वडिलांचं नाव होतं, तरी सगळा रस्ता त्याला खुणे मेस्त्री म्हणायचा. खुणे हे काही त्याचं आडनाव नव्हे. ते त्यानं एका बारीक ब्रशावर आणि पांढऱ्या रंगाच्या छोट्या बाटलीवर कमावलं होतं. कुठलाही बोल्ट आवळून झाला की मेस्त्री पाना खाली ठेवायचा, खिशातली बाटली काढायचा, जिभेचं टोक दातांत धरायचा आणि बोल्टाच्या डोक्यावरून थेट खालच्या लोखंडावर उतरणारी एक सरळ रेघ ओढायचा. रेघ सलग दिसली की बोल्ट जागचा हललेला नाही. डोक्यावरची रेघ एकीकडे आणि लोखंडावरची दुसरीकडे दिसली, की कुणीतरी हात लावलाय. एवढंच शास्त्र. पण या शास्त्रापायी त्यानं वर्षभर कुणाला सुखानं चहा पिऊ दिला नव्हता.

आधी तो असा नव्हता. म्हणजे थोडा होता. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघायची सवय त्याला पहिल्यापासून होती आणि लग्नाच्या फोटोतसुद्धा तो बायकोकडे न बघता फोटोवाल्याकडे डोळे बारीक करून बघतोय. पण कामात त्याला कुणावर संशय घ्यायची गरज पडली नव्हती, कारण त्याची आवळणी नामी होती. त्यानं आवळलेला बोल्ट सोडवायचा तर दुसऱ्या गॅरेजवाल्यांना पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून त्यावर लोंबकळावं लागे, आणि लोंबकळताना ते त्याच्या नावानं बोटं मोडत. किती आवळायचं हे त्याचं मनगट सांगायचं. वडिलांचा जुना रिंग पाना आणि उजवा हात, बस.

मग गेल्या वर्षी एका टेम्पोचा पाण्याचा पंप गळत परत आला. बघतो तर बोल्ट सैल. मेस्त्री त्या टेम्पोवाल्यावरच घसरला की तूच उघडून बघितलं असशील. महिन्याभरात एका गिअरबॉक्सचं झाकण तेलानं ओलं झालं. नंतर आणखी कुणाचं काहीतरी. सगळीकडे तेच, बोल्ट सैल. मेस्त्रीनं विचार केला. बोल्टांना पाय फुटत नाहीत. आपण आवळलेलं आपोआप सुटत नाही. म्हणजे कुणीतरी सोडवतंय, आणि ज्या अर्थी सोडवतंय त्या अर्थी आपलं नाव खराब करण्यासाठीच सोडवतंय.

पहिला संशय रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्यावर गेला. त्याला मेस्त्री नुसतं 'समोरचा' म्हणायचा, आणि म्हणताना थुंकायचं राहून गेल्यासारखं तोंड करायचा. त्यानं शटरचं कुलूप बदललं, मागच्या खिडकीला जाळी मारली आणि खुणा सुरू केल्या. खुणा सुरू झाल्यापासून सैल बोल्टांच्या तक्रारी बंद झाल्या. दुसरा कुणी असता तर त्यानं सुटकेचा श्वास सोडला असता. मेस्त्री मात्र जास्तच बिथरला. खुणेला घाबरून चोर थांबला, तर चोराला खुणा दिसत असल्या पाहिजेत. समोरच्याला रस्त्यापलीकडून एवढी बारीक रेघ कशी दिसेल? चोर आतलाच.

आत दोघंच होते. मेस्त्री आणि त्याचा धाकटा भाऊ बारक्या.

बारक्या हे नाव तो अंगठा चोखायचा तेव्हाचं. आता तो दारातून आत आला की दाराचा उजेड जायचा, पण नाव काही वाढलं नव्हतं. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याला पाना धरायला मेस्त्रीनंच शिकवलं, वेल्डिंग करताना डोळे मिटायचे नाहीत तर काच धरायची हेही त्यानंच. बारक्या बोलायला कमी. विचारलं तर उत्तर, नाहीतर काम. मेस्त्रीला हे इतकी वर्षं गुण वाटायचं. गेल्या वर्षापासून त्याला त्या गप्प बसण्यातच काहीतरी शिजताना दिसायला लागलं.

आणि दिसत होतंही. बारक्या हल्ली मेस्त्रीच्या आधी येऊन शटर उघडायचा. मेस्त्री घरी शिरला की बायको आणि बारक्या बोलता बोलता थांबायचे आणि बायको उगाच भांड्यांचा आवाज करायची. वेल्डिंगच्या टेबलाखाली कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट एखाद्या दिवशी असायचं आणि दुसऱ्या दिवशी नसायचं. आणि एकदा तर मेस्त्रीनं स्वतःच्या डोळ्यांनी बारक्याला समोरच्याकडे स्टुलावर बसून चहा पिताना पाहिलं. समोरचा हसत होता. बारक्याच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला होता.

मेस्त्रीनं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. पुरावा हातात आला की गॅरेजची दुसरी किल्ली काढून घ्यायची आणि बारक्याला सांगायचं, जा समोर, तिथंच आवळत बस. पुरावा मात्र हवा. सख्ख्या भावाला नुसत्या वहिमावर हाकलला असं कुणी म्हणायला नको. रात्री कूस बदलताना त्याला बारक्या शाळेच्या दप्तरासकट गॅरेजच्या पायरीवर बसलेला दिसायचा, आणि मग जास्तच राग यायचा, स्वतःचा की त्याचा ते कळायचं नाही.

घरातही काही सरळ चाललेलं नव्हतं. बरण्यांची झाकणं नीट लावलेली नसायची. बायको साखरेची, लोणच्याची बरणी त्याच्यापुढे ठेवायची, तो हात लावायचा आणि झाकण नुसतं टेकवलेलं असल्यासारखं निघून यायचं. मुंग्या लागतील, अक्कल आहे का, असं तो ओरडायचा. ती म्हणायची, बरं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकण सैल. ही बाई पूर्वी अशी निष्काळजी नव्हती. कुठंतरी पाणी मुरत होतं.

अशा दिवसांत ट्रकवाले काका आपली म्हातारी घेऊन आले. म्हातारी म्हणजे त्यांचा ट्रक. काका स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर, आणि त्यांच्या लग्नाआधीपासून हा ट्रक त्यांच्याकडे. त्यामुळे घरात मोठी सून तीच असं ते म्हणायचे. तिच्या इंजिनाला धूर गोळा करणारा जो बिडाचा जाडजूड मॅनिफोल्ड असतो, तो तडकला होता. चढाला लागली की तड्यातून धूर फसफसायचा आणि केबिनमध्ये काका खोकून खोकून लाल व्हायचे. तो भाग बनवणं कंपनीनं कधीच सोडून दिलेलं. भंगारात शोधला तर तोही तडकलेलाच मिळायचा.

तेव्हा बारक्यानं सुचवलं की बाहेरचा हेडर बसवू. कंपनीचा नाही, वेगळ्या कारखान्यातून येतो. एका बिडाच्या ढेकळात सगळा धूर कोंबण्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पाइप, आणि सगळे पाइप वळत वळत पुढे जाऊन एका तोंडाला मिळतात. इंजिनाला श्वास सोडायला मोकळं होतं. काकांना मोकळा श्वास हा शब्दच इतका आवडला की त्यांनी तिथंच हो म्हणून टाकलं.

हेडर आला. मेस्त्रीनं तो खोक्यातून काढल्याकाढल्या आरोपीसारखा उभा केला. प्रत्येक पाइपला एक डोळा लावून उन्हाकडे बघितलं. जोडांवर किल्लीनं टकटक करून कान लावला. इंजिनाला चिकटते ती सपाट पट्टी खरोखर सपाट आहे का बघायला त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि फटीतून उजेड येतो का ते शोधलं. उजेड आला नाही. मेस्त्री जरा हिरमुसला. शेवटी त्यानं हेडरचा वास घेतला.

"मेस्त्री, सोयरीक जमवायची नाहीये," काका म्हणाले. ते बॅटरीच्या रिकाम्या डब्यावर बसून होते. "बसवा आता."

जुना मॅनिफोल्ड काढणं हीच अर्धी लढाई होती. सगळे बोल्ट इतकी वर्षं तापून तापून इंजिनाच्या हेडमध्ये मुरले होते. गॅसच्या टॉर्चनं तापवायचे, तापल्यावर मेणबत्ती टेकवायची, मेण आट्यांत उतरलं की हलक्या हातानं मागेपुढे करत सोडवायचे. एक बोल्ट तरीही मानेशी तुटलाच. बारक्यानं त्या तुटक्या बुंध्यावर नट ठेवून वेल्डिंग मारलं आणि लालबुंद असतानाच तो फिरवून अलगद बाहेर काढला. काकांनी टाळी वाजवली. मेस्त्रीच्या मनात आलं, बोल्ट सोडवण्यात याचा हात फारच बसलाय.

हेडर वरून आत जाईना, स्टिअरिंगचा दांडा आडवा येत होता. मग इंजिनाचा एका बाजूचा पाया मोकळा करून जॅकवर ते बोटभर उचललं, मेस्त्री खाली आडवा झाला, बारक्या वरून, आणि एखादं अडलेलं वासरू ओढावं तसा तो पाइपांचा गुंता दोघांनी फिरवत फिरवत जागेवर आणला. मधे फटीतून धूर सुटू न देणारं गास्केट सरकवलं. सगळे बोल्ट आधी बोटांनीच लावले, एकालाही पाना न लावता, कारण एक जरी आधी आवळला तरी बाकीच्यांची भोकं तोंड फिरवतात. हे सगळं करताना दोघांना एकमेकांशी बोलावं लागलं नाही. हात पुढे आला की त्यात हवा तो पाना पडायचा. काम बघणाऱ्याला वाटलं असतं, काय जोडी आहे.

मग मेस्त्रीनं वडिलांचा रिंग पाना घेतला आणि मधल्या बोल्टापासून बाहेर जात एकेक आवळायला सुरुवात केली. हे काम त्याचं. इथे दुसऱ्यानं हात लावायचा नाही. शेवटचा आवळून तो बाहेर आला तेव्हा बारक्या हात पुसत म्हणाला की पातळ पाइपांचं काम आहे, एकदा तापून गार झालं की सगळे बोल्ट परत आवळावे लागतील.

"मी आवळलेलं परत आवळायला लागत नाही," मेस्त्री म्हणाला.

बारक्या पाने उचलायला लागला. ते उचलणं मेस्त्रीला नेहमीपेक्षा सावकाश वाटलं. उद्या हे सुटणार हे याला आजच कसं ठाऊक? एरवी धुराच्या भागावर तो खुणा करत नसे, कारण तिथं रंग जळतो. पण त्या दिवशी त्यानं बाटली काढली आणि हेडरच्या एकूण एक बोल्टावर रेघ ओढली. सावकाश, बारक्याला दिसेल अशी.

इंजिन सुरू केलं तेव्हा नव्या पाइपांवरचं तेल जळून इतका पांढरा धूर निघाला की काका डब्यावरून उठून पळाले. धूर ओसरला. म्हातारीचा आवाज बदलला होता. आधी ती खाकरायची, आता छातीतून बोलत होती. काकांनी तिला चढावर नेऊन आणली आणि परत येऊन सांगितलं की सून माहेरी जाऊन आल्यासारखी पळते. फक्त कुठंतरी बारीक टिकटिक वाजतेय म्हणाले. मेस्त्रीनं ती ऐकली होती. तुमच्या केबिनचा पत्रा आहे तो, असं त्यानं सांगून टाकलं, आणि गाडी आज इथंच राहू द्या, गार झाल्यावर उद्या न्या, असंही.

शटर ओढण्याआधी त्यानं हातबत्ती घेऊन खुणा तपासल्या. रेघा सगळ्या सलग होत्या. रंग तेवढा तापून चहासारखा तपकिरी झाला होता. बाटली त्यानं घरी नेली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या कपाटाची दुसरी किल्ली बायकोकडे असते, एवढ्यावर त्याचा विचार तेव्हा पोचला नाही.

सकाळी तो पोचला तर शटर वर. बारक्या कोपऱ्यात हात धूत होता, आणि काम सुरू व्हायच्या आधीच त्याचे हात काळे कशानं झाले हा प्रश्न मेस्त्रीच्या मनात उगवायच्या आत त्याचे पाय ट्रककडे वळलेसुद्धा. त्यानं बॉनेट उचललं. बत्ती आत धरली.

रेघा सलग होत्या. पण पांढऱ्या होत्या. दुधासारख्या.

मेस्त्रीनं बत्ती आणखी जवळ नेली. काल संध्याकाळी तपकिरी असलेली रेघ आज पांढरी कशी होते? जळलेला रंग परत उजळत नाही. म्हणजे कुणीतरी बोल्ट फिरवलाय आणि वर नवी रेघ ओढलीय. आणि वर्षभर हेच चालत असेल. पंपावर, गिअरबॉक्सवर रंग जळत नाही, तिथं जुनी रेघ फडक्यानं पुसून नवी ओढली की कुणाच्या बापाला कळणार नाही. या हेडरनं तापून चुगली केली, नाहीतर जन्मात कळलं नसतं.

रंग कुठून आला? त्यानं तडक घर गाठलं. कपाट उघडलं. रंग कुठवर आहे हे कळावं म्हणून बाटलीवरही त्यानं एक बारीक खूण केलेली होती. रंग खुणेच्या खाली गेला होता. बाटलीचं झाकण सैल होतं.

बायको मागे उभी होती. तिनं बाटलीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तो बाटली खिशात टाकून निघाला तशा पायात चपला सरकवल्या. दोघं एकामागे एक रस्त्यानं चालत आले. मेस्त्रीला मागून येणारी तिची पावलं ऐकू येत होती आणि प्रत्येक पावलागणिक तो मनात एकेक गोष्ट जोडत होता. भांड्यांचा आवाज. कापडातली वस्तू. समोरच्याचा चहा. म्हणजे ही पण.

गॅरेजमध्ये काका येऊन बसले होते आणि बारक्यानं त्यांच्यासाठी इंजिन सुरू केलं होतं. टिकटिक गेली की हो मेस्त्री, काका आनंदानं म्हणाले, पत्रा ठोकलात का? मेस्त्रीनं हात आत घालून इंजिन बंद केलं. खिशातून स्वतःची किल्ली काढली आणि बॉनेटच्या कडेवर ठेवली.

"तुझी पण ठेव इथं," तो बारक्याला म्हणाला. "आणि मग सांग, कुणाच्या सांगण्यावरून सैल करतोस."

बारक्याचा चेहरा एकदम लहान झाला. त्यानं वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली की रंग मी दिला, बाटली मीच काढली. मेस्त्री तिच्याकडे वळलासुद्धा नाही. सगळ्यांदेखत पुरावा मांडायचा होता त्याला. त्यानं खरवडणी घेतली आणि पहिल्या बोल्टावरचा पांढरा रंग आणि त्याच्या आजूबाजूला चोळलेली काजळी अलगद खरवडली. खाली कालची जळकी रेघ निघाली, जशी त्याला वाटली होती तशीच. पट्टीवर एक तुकडा, बोल्टाच्या डोक्यावर दुसरा, आणि दोन्ही जुळत नव्हते.

"बघा काका. हे बघा. सैल करायला बोल्ट असा..." त्यानं हवेत हात फिरवला आणि मधेच थांबला.

बोल्ट सैल करताना डावीकडे फिरतो. हे त्याला पोटात असल्यापासून माहीत होतं. डोक्यावरची जळकी रेघ उजवीकडे गेली होती. त्यानं दुसरा बोल्ट खरवडला. उजवीकडे. तिसरा, मग सगळेच, खाली वाकून, आरशात बघून, शेवटचा मागचा बोल्टही. सगळे उजवीकडे, कुणी थोडा, कुणी बराच. एकही सैल केलेला नव्हता. सगळे आवळलेले होते.

दुसऱ्या कुणाचा संशय इथं गळून पडला असता. मेस्त्रीच्या डोक्यात आधी आलं ते हे, की आवळून आवळून बोल्ट तोडायचा बेत असेल. पण तोडायचाच असता तर काल मानेशी तुटलेल्या बोल्टाचा बुंधा त्यानं एवढ्या जपून कशाला बाहेर काढला असता? तो विचार त्यानं स्वतःच गिळला.

बारक्या आता हळूच बोलायला लागला. नवा हेडर तापून बसतो, गास्केट दबतं, बोल्ट थोडे ढिले होतात, कुणीही आवळले तरी होतात, तुला सांगितलं तर तू ऐकणार नाहीस म्हणून सकाळी लवकर आलो, असं तो म्हणाला. शहाणं, सोयीचं उत्तर होतं. काकांनी मान डोलावली. बायकोनं खालच्या मानेनं सुस्कारा सोडला. मेस्त्रीनं ते उत्तर घेतलं असतं तर सगळे तिथंच सुटले असते.

पण त्याला त्या उत्तराचाच वास आला. फारच गुळगुळीत होतं ते. त्यानं भावाकडे डोळे बारीक करून बघितलं.

"आणि पाण्याचा पंप?" तो म्हणाला. "तो कुठं एवढा तापतो?"

बारक्या धुतलेलेच हात फडक्यानं पुन्हा पुसायला लागला.

मेस्त्रीनं मग वाद घातला नाही. वेल्डिंगच्या टेबलावर जाड लोखंडी पट्ट्यांचे दोन तुकडे होते, ते त्यानं पकडीत धरले, नवा बोल्ट घातला, आणि वडिलांचा रिंग पाना घेऊन आवळायला लागला. असा गार, कोरा बोल्ट, ज्याच्यामागे लपायला ना उष्णता होती ना गास्केट. तो आवळत गेला. मनगटानं नेहमीसारखं सांगितलं, झालं. तरी तो आणखी रेटत राहिला, दात आवळून, मानेच्या शिरा तट्ट होईपर्यंत, पाना तळहातात रुतेपर्यंत. मग त्यानं खिशातली बाटली काढली आणि रेघ ओढली. पाना बारक्यापुढे धरला.

बारक्यानं टेबलाखाली वाकून कापडातली लांबट वस्तू काढायला घेतली. तो ठरावीक जोर आला की कट्‌ करून वाजणारा पाना होता, आणि मेस्त्रीनं त्याच्या दांड्यावरचा लाल पट्टा ओळखला. समोरच्याचा. म्हणजे चहा यासाठी होता; उधार पान्यासाठी. नको, मेस्त्री म्हणाला, तो पाना माझ्या ओळखीचा नाही, हाच घे.

बारक्यानं वडिलांचा पाना बोल्टावर चढवला आणि तसाच उभा राहिला. मोठ्या भावाच्या डोळ्यांदेखत हे करायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"दादा, राहू दे."

"ओढ."

त्यानं ओढला. फार जोरानं नाही. बोलता बोलता दार लोटावं तसा. बोल्ट फिरला. पांढरी रेघ मधोमध तुटली, डोक्यावरचा तुकडा आरामात उजवीकडे गेला आणि तिथं जाऊन थांबला.

काका डब्यावरून उठले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, जणू तिथं काही बघण्यासारखं चाललंय. बायको पुढे आली. तिनं मेस्त्रीचा उजवा हात धरून उताणा केला, डावाही केला, आणि दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरले. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी मांसाची नेहमीची जाड गादी होती. उजव्याच्या मुळाशी ती बसली होती, कुणीतरी आतून चमच्यानं काढून घेतल्यासारखी. मेस्त्री तिच्याकडे असा बघत राहिला, जणू हा हात त्याच्या नकळत कुणी बदलून नेलाय.

"बरण्या कोण सैल करून ठेवत होतं वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, भरभरा, घाबरून साठवलेलं माणूस सांगतं तसं. एकदा तो आमसुलाची बरणी उघडत होता आणि उघडली नाही म्हणून बरणीवरच चिडून बाहेर निघून गेला, तेव्हा तिला त्याच्या हातातला जोर गेल्याची पहिल्यांदा शंका आली. तिनं बारक्याला सांगितलं. बारक्याला पंपावरून आधीच कळलं होतं. दोघांनी ठरवलं की ताकास तूर लागू द्यायची नाही. तो बोल्ट आवळेल, मागून बारक्या परत आवळेल, रंग ती देईल. डॉक्टरांकडे कसं न्यायचं एवढंच दोघांना सुचत नव्हतं, कारण डॉक्टर हे गिऱ्हाईक शोधत फिरतात असं याचं पक्कं मत. मेस्त्री ऐकत होता. मधेच त्यानं विचारलं की समोरच्याला ठाऊक आहे का. बारक्या म्हणाला, पाना कशाला हवा ते त्यानं कधी विचारलं नाही. माझ्याकडे कामाला ये म्हणून मात्र विचारलं होतं.

"मग?"

"म्हटलं, दादाला विचारून सांगतो."

मेस्त्रीच्या घशातून खाकरल्यासारखा आवाज निघाला. हसू होतं की काय ते काकांनाही कळलं नाही, आणि ते कान देऊन ऐकत होते. त्यानं बॉनेटच्या कडेवरची किल्ली उचलून खिशात टाकली. बारक्याची किल्ली त्यानं मागितली होती, ती बारक्याच्या मुठीतच राहिली. बारक्यानं वडिलांचा पाना पुसून मेस्त्रीपुढे धरला. मेस्त्रीनं घेतला नाही.

"हेडरचे परत एकदा बघ," तो म्हणाला. "मधून सुरू कर. मागचा विसरू नकोस, तिथं हात नीट पोचत नाही."

बारक्या वाकला. मेस्त्री बत्ती धरून शेजारी उभा राहिला, डाव्या हातात, आणि बोल्टामागून बोल्ट जाताना त्याची नजर भावाच्या मनगटावरून हलली नाही. सगळे झाल्यावर त्यानं बाटली काढली आणि प्रत्येक बोल्टावर नवी रेघ ओढली. काका म्हणाले, आता कशाला? आता तर सगळं उघड झालं. मेस्त्री म्हणाला, हा नवीन माणूस आहे आवळायला, याचा काय भरवसा.

संध्याकाळी जेवायला बसला तेव्हा बायकोनं लोणच्याची बरणी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं झाकणाला हात घातला आणि झाकण हललं नाही. आज तिनं ते घट्ट लावलं होतं. त्यानं एकदा लावून पाहिलं, दुसऱ्यांदा लावून पाहिलं, मग बरणी तिच्याकडे सरकवली. तिनं ओठ आवळून, डोळे मिटून जोर लावला आणि झाकण फटकन उघडलं.

त्यानं डोळे बारीक केले.

"खरंच एवढं घट्ट होतं," त्यानं विचारलं, "की मला बरं वाटावं म्हणून तोंड वाकडं केलंस?"

तिनं झाकण परत लावलं, दाबून फिरवलं, आणि बरणी पुन्हा त्याच्यापुढे ठेवली.